पाणी सगळं सांगत असेल, तर हवालदाराने करायचं काय?

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकला सिडकोत राहणारे एक लेखक अद्भुत रहस्यकादंबऱ्यांची मालिका लिहितात. नायक पोलिसातून निवृत्त झालेला हवालदार. पाण्यात हात घातला की त्या पाण्याशेजारी झालेलं बोलणं त्याला ऐकू येतं. गाव आपलंच, फक्त या नाशकात अशा विद्या असतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. कोर्ट तेवढं त्या मानत नाही. सहा भाग ई-पुस्तकं म्हणून निघाले, सातवा मध्यावर अडलाय. रंगपंचमीच्या रात्री सराफ बाजारातल्या एका पेढीच्या मालकाचा मागच्या वाड्यात खून होतो. लेखक विचारतात, "पाण्याने सांगून टाकलं तर तपास संपतो. नाही सांगितलं तर वाचक म्हणतात, मुद्दाम दडवलं. दुसरं, नवा वाचक सातव्या भागात शिरत नाही, आणि त्याच्यासाठी मागचं सांगत बसावं तर जुने वाचक पानं उलटतात. सध्या टेरी प्रॅचेटचं 'फीट ऑफ क्ले' वाचतोय. ते त्यांच्या 'डिस्कवर्ल्ड' मालिकेतलं एकोणिसावं पुस्तक, तरी मी कुठे अडखळलो नाही. हे कसं जमतं?"

रहस्यकथांचं संपादन करताना अद्भुत रहस्यकथा हातात आली की मी आधी एकच गोष्ट शोधतो: यातल्या जादूने काय होत नाही? तुमच्या टिपणात हवालदाराला काय काय येतं त्याची यादी दीड पान आहे. काय येत नाही यावर एक ओळ नाही. खुनी कोण हे तुम्ही पक्कं ठरवलंय (इथे ते सांगत नाही, पुस्तक अजून यायचंय), तरी कथा हलत नाही ती यामुळे.

पहिल्या भागात त्याला नुसतं पाणी ऐकू यायचं. तिसऱ्यात रामकुंडावरचा कावळा त्याच्याशी बोलायला लागला. चौथ्यात मेलेल्याची सावली दिसू लागली, आणि पाचव्यात कुलपं उघडणारा मांत्रिक मित्र भेटला. प्रत्येक वेळी त्या भागापुरती तुमची नड भागली. पण मालिकेत एकदा दिलेली विद्या वाचक विसरत नाही. सातव्या भागात पेढीवाला मरून पडला की जुना वाचक पहिल्याच पानावर विचारणार, मग कावळ्याला का नाही विचारत?

या भीतीपोटीच १९२९ साली रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूने, जो स्वतः रहस्यकथा लिहायचा, दहा नियम घालून दिले आणि त्यातल्या दुसऱ्याच नियमाने दैवी, अमानवी असं जे काही असेल ते बाहेर काढलं. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. खुन्याला भिंतीतून आरपार जाता येत असेल तर बंद खोलीला अर्थ काय? पण त्याने रोगाबरोबर रोगीच हाकलला. १९६४ पासून रँडल गॅरेट यांनी लॉर्ड डार्सी या गुप्तहेराच्या कथा लिहिल्या. त्यांच्या जगात जादूचे नियम आपल्याकडच्या विज्ञानासारखे बांधलेले आहेत आणि जादूगार हा प्रयोगशाळेतल्या माणसासारखा वागतो. तो तपासणी करून अहवाल देतो. अहवालाचा अर्थ लावणं डार्सीचं काम, आणि त्यात जादू कामाला येत नाही. तुमच्या हवालदाराच्या बाबतीत जादूगार आणि डार्सी एकाच अंगात आहेत, म्हणून तुम्हाला ही वाटणी जास्त काटेकोर करावी लागेल.

'फीट ऑफ क्ले' १९९६ चं. तुम्ही म्हणता ते खरं, एकोणिसावं. पण १९८३ ला सुरू होऊन एकेचाळीस कादंबऱ्यांपर्यंत गेलेल्या त्या मालिकेत शहराच्या पहारेकऱ्यांची एक वेगळी शाखा आहे, ती १९८९ च्या आठव्या पुस्तकापासून सुरू होते, आणि त्या शाखेतलं हे तिसरंच. त्यामुळे आकड्याला फार घाबरू नका. त्यात जादू कुठे आहे बघा. गोलेम म्हणजे मातीचे पुतळे, त्यांच्या डोक्यात शब्दांची चिठ्ठी, आणि चिठ्ठीत असेल तसंच ते वागणार. हा नियम तुम्हाला लवकर कळतो आणि मग लेखक तो मोडत नाही. दुसरीकडे शहराच्या सत्ताधीशावर विषप्रयोग चाललेला असतो आणि ते विष आहे आर्सेनिक. कुठल्याही दुकानात मिळावं असं, जादूचा वास नसलेलं. ते त्याच्यापर्यंत पोचतं कसं, हे शोधायला अन्न तपासा, खोली तपासा, नोकरांना विचारा, अशी चप्पल झिजवणारी कामं करावी लागतात. जगात चेटकं आहेत, अमर माणसं आहेत, पण या एका प्रश्नाला त्यातलं कोणी उत्तर देऊ शकत नाही. गुन्हा नेमका जादूचा हात पोचत नाही अशा जागी ठेवलाय.

आता तुमच्या पाण्याकडे येऊ.

मी तुमच्या जागी असतो तर दोन नियम बांधले असते आणि दुसऱ्या प्रकरणाच्या आत, खुनाशी संबंध नसलेल्या एखाद्या फालतू कामात ते वाचकाला दाखवून टाकले असते. एक, वाहतं पाणी विसरतं. आठवण असते ती साठलेल्या पाण्याला. दोन, झाकून बंद केलेल्या पाण्याला ऐकू येत नाही. दुसरा नियम नसेल तर पहिला चावट वाचक विचारेल की गच्चीवरच्या टाकीचं काय आणि संडासातल्या फ्लशचं काय. विचारणारच. तो विचारायच्या आत उत्तर कथेत असलं पाहिजे. हवालदाराच्या शेजारणीची अंगठी हरवलीय, मोरीतल्या बादलीने सांगितलं, गच्चीवरच्या टाकीने नाही सांगितलं. दीड पानात दोन्ही नियम होतात आणि थोडं हसूही येतं.

नियम बांधले की खुनाची जागा आपोआप बोलायला लागते. वाड्यात पाणी कुठे कुठे असतं? ओट्याजवळचा रांजण, मोरीतलं घंगाळ, बंब, तुळशीजवळची कळशी, देवासमोरचा तांब्या. हवालदार येतो आणि बघतो तर सगळं कोरडं. फाल्गुन सरत आलाय, ऊन चढतंय आणि भरल्या घरात रांजण उपडा. पंचनामा करणाऱ्या शिपायाला त्यात काही वाटत नाही; त्याच्या लेखी तिथे काहीच नाही. आर्थर कॉनन डॉयल यांच्या १८९२ च्या कथेत रात्री न भुंकलेल्या कुत्र्याने जे काम केलं (भुंकला नाही, म्हणजे आलेला माणूस ओळखीचा) ते इथे रिकामा रांजण करतो. खुन्याला हवालदाराची विद्या माहीत होती. सहा भागांत त्याची एवढी कीर्ती झालीय, न माहीत असेल तरच नवल.

इथपर्यंत बरेच लेखक येतात. पुढची पायरी चढत नाहीत, आणि मला तुम्हाला खरं सांगायचंय ते तिथे आहे. देवघरात काशीहून आणलेला, तोंडाला डाक लावून बंद केलेला गंगेचा गडू असतो. खुन्याने तोही फोडून ओतलाय. का? बंद पाण्याला ऐकू येत नाही हे त्याला माहीत नव्हतं म्हणून. म्हणजे खुन्याला हवालदाराबद्दल ऐकीव माहिती होती, आतली नव्हती. तुमच्या दुसऱ्या भागात हवालदाराबरोबर काम केलेला शिपाई आता त्या पेढीवर रखवालदार आहे आणि पोलिसांचा पहिला संशय त्याच्यावर आहे. त्याला हे नियम तोंडपाठ आहेत. त्याने त्या गडूला हात लावला नसता, उलट फोडताना आवाज होईल म्हणून टाळलाच असता. एका फुटक्या गडूने तो सुटला.

बघा, इथे विद्येने एक अक्षर सांगितलेलं नाही. हवालदाराने पाण्यात हातसुद्धा घातलेला नाही. तरी ही गोष्ट अद्भुताशिवाय होऊच शकत नाही, कारण साध्या पोलीसकथेत रांजण रिकामा करायला कोणी कशाला जाईल? विद्येबद्दल कोणाला किती माहीत आहे, यावरून संशयित चाळता येतात. अद्भुत रहस्यकथेला साध्या रहस्यकथेपेक्षा हे एक हत्यार जास्त मिळालेलं असतं आणि लोक ते म्यानातच ठेवतात.

ओतलेलं पाणी गेलं कुठे, हाही धागा सोडू नका. सराफ बाजारात झारेकरी असतात, दुकानांपुढची माती आणि गटारातला गाळ धुऊन त्यातला सोन्याचा कण काढणारी माणसं. त्या गल्लीतली कुठली मोरी कधी वाहते हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसतं. भल्या पहाटे पेढीमागच्या गटाराला एकदम लोट आला, गाळ वाहून गेला, त्या दिवसाची मजुरी बुडाली, म्हणून एखादा झारेकरी चिडून शिव्या घालतोय. हवालदाराला खुनाची वेळ तिथे मिळते. पोलिसांनी त्याला विचारलेलं नसतं, कारण त्यांच्या नजरेला तो पडतच नाही. त्याला दोन वाक्यांत उरकू नका. चांगलं पात्र आहे, पुढच्या भागांतही लागेल.

रंगपंचमी तुम्ही निवडलीत हे उत्तम, पण मसुद्यात तिचा उपयोग नुसता देखाव्यासारखा झालाय. बाहेरच्या वाचकासाठी सांगतो: नाशकात रंग धुळवडीला नाही, पंचमीला खेळतात, आणि जुन्या गावात पेशवेकाळापासूनच्या रहाडी आहेत. जमिनीतले दगडी हौद. वर्षभर फळ्या आणि माती टाकून बुजवलेले, वरून गाड्या जातात. पंचमीला उघडायचे, पूजा करायची, रंगाचं पाणी भरायचं आणि मग पोरं त्यात धप्पा मारतात. तुमच्या हवालदारासाठी रहाड म्हणजे भरपूर साठलेलं पाणी. त्याने त्यात हात घालावा असं तुम्ही लिहिलंय आणि त्याला लगेच कटाचं बोलणं ऐकू येतं. नको. शेकडो माणसं ज्यात ओरडत उडी मारतात त्या पाण्यात एकच कल्ला असणार. त्याने हात घालावा आणि कान दाबून मागे सरावं. ही तिसरी मर्यादा, तीही वाचकाच्या डोळ्यांदेखत.

मग रहाड कामाला कशी येते? रंगाने. रहाडीनुसार रंग वेगळा, आणि तो दोन-चार अंघोळींना दाद देत नाही. मयताचा पुतण्या सांगतो की तो दुपारपासून पंचवटीत शनी चौकात होता, रात्री तिकडेच मित्राकडे झोपला, सकाळी पूल ओलांडून घरी आला. साक्षीदार ढीगभर, पण त्या दिवशी सगळ्यांचीच तोंडं रंगलेली, शपथेवर कोण सांगणार? चौथ्या प्रकरणात काकू त्याच्यावर ओरडताना दिसते, नव्या अभ्र्याचं वाटोळं केलंस म्हणून. वाचक हसतो आणि पुढे जातो. अभ्र्यावरचा डाग कुठल्या रंगाचा ते मात्र तुम्ही तिथे स्वच्छ लिहिलेलं असतं. शनी चौकातल्या रहाडीचा रंग दुसऱ्या प्रकरणात सांगून झालेला असतो. दोन्ही जुळत नाहीत. डाग आहे तो तिवंध्याच्या रहाडीचा, म्हणजे नदीच्या अलीकडचा, सराफ बाजारापासून चालत जाण्याच्या अंतरावरचा. पुतण्या खुनी आहे की आणखी काही लपवतोय ते तुमचं तुम्ही बघा. मुद्दा एवढाच की हा पुरावा वाचकाच्या हातात हवालदाराच्या आधी पडलाय. दडवलं असं म्हणायची सोय त्याला राहिली नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, नवा वाचक आणि जुना वाचक. माझ्या मते तो पहिल्याच प्रश्नात सुटतो.

प्रॅचेट यांनी पहाऱ्यात एक नवी भरती आणली, रसायनांची जाणकार. तिच्याबरोबर नवा वाचकही चौकीत शिरतो. पण ती चालते कारण तिची स्वतःची गोष्ट आहे, ती पुस्तकाच्या मूळ प्रश्नाला भिडते. आपल्याकडे हीच युक्ती उचलून जे नवे शिपाई आणले जातात ते बिचारे 'म्हणजे काय साहेब?' एवढंच विचारत सहाव्या प्रकरणापर्यंत जगतात. तुमच्या मसुद्यातली पत्रकार मुलगी त्याच जातीची आहे. तिला काढा.

त्याऐवजी मागचे सहा भाग अफवा म्हणून येऊ द्या. विद्येबद्दल कोणाला किती माहीत, हाच तपासाचा कणा असेल तर हवालदाराने प्रत्येक संशयिताला विचारलंच पाहिजे, "माझ्याबद्दल तू काय ऐकलंयस?" मुनीम म्हणतो, तुम्ही गंगेत डुबकी मारली की शंभर वर्षांपूर्वीचं ऐकू येतं. पुतण्या म्हणतो, तुम्हाला घामसुद्धा ऐकू येतो. मिसळीच्या टेबलावर कोणीतरी तिसऱ्या भागातलं प्रकरण सांगतो, त्यातला खुनी चुकीचा सांगतो आणि कावळ्याला घुबड करतो. नव्या वाचकाला चार-सहा ओळींत सगळा पूर्वेतिहास मिळाला, तोही बोलण्याच्या ओघात. जुन्याला कंटाळा येत नाही, कारण त्याला खरं माहीत आहे आणि समोरचा कुठे चुकतोय हे तो मिटक्या मारत वाचतो. त्यातच पुरावाही दडलेला: जो माणूस 'बंद गडूलासुद्धा ऐकू येतं' असं समजतो, तो तिथेच वाचकासमोर उघडा पडलाय. पहिल्या प्रकरणातलं तुमचं अडीच पानांचं 'मागील भागांत' तेवढं काढून टाका. एक वाक्यही ठेवू नका.

कावळ्याचं काय, तर त्याला मारू नका. शाप देऊन, अपघात घडवून विद्या काढून घेतली की वाचकाला ते लेखकाचं काम वाटतं. कावळ्याला परंपरेनेच मर्यादा दिलीय, ती वापरा. दहाव्याला घाटावर पिंड ठेवल्यावर माणसं काय करतात? कावळा शिवेना की मयताची कुठली इच्छा राहिली ते आठवून शब्द देतात. म्हणजे कावळ्याला मयताची इच्छा कळते. नाव नाही, घटना नाही, फक्त इच्छा, आणि तीही दहाव्याला. पेढीवाल्याच्या पिंडाला कावळा शिवत नाही, घरचे सगळे शब्द देऊन थकतात, आणि मग कावळा हवालदाराला सांगतो की म्हाताऱ्याला एक गहाण टाकलेला दागिना मूळ मालकिणीला परत द्यायचा होता. कोणाला, का, आणि ते कोणाला नको होतं, हे हवालदाराने पेढीच्या वह्या चाळून शोधायचं. मधल्या नऊ दिवसांत कावळा गप्प. सावल्यांचं मी मूकपणे गाळलं असतं, तो भाग तसाही कोणाला फार आवडला नव्हता. मांत्रिक मित्राला यात्रेला पाठवा.

मालिकेची एक वही ठेवता का? टिपणावरून वाटलं, नसावी. शेरलॉक होम्सचा सोबती डॉक्टर वॉटसन, त्याची जखम १८८७ च्या पहिल्या कादंबरीत खांद्याला आहे आणि १८९० च्या दुसऱ्या कादंबरीत पायाला. डॉयलना ते खपून गेलं आणि सव्वाशे वर्षं लोक त्यावर आनंदाने वाद घालतायत. तुमचा वाचक एक तारा देऊन मोकळा होईल. वहीत पात्रांच्या जन्मतारखांपेक्षा विद्येची पानं महत्त्वाची: कुठल्या भागात, कुठल्या प्रकरणात, विद्येने काय केलं आणि काय करता आलं नाही. दुसऱ्या रकान्यात सहा भागांत काही सापडतं का ते आधी शोधा. मला वाटतं दोन-तीन जागी नकळत तुम्ही मर्यादा घातलेल्या आहेत. दुसऱ्या भागात पुराच्या पाण्यातून त्याला काही ऐकू आलं नव्हतं. वाहतं पाणी विसरतं हा नियम तिथे आधीच आहे. नवा म्हणून आणण्यापेक्षा तिथून उचला.

वयाचंही एकदा ठरवून टाका. बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार शेकडो कादंबऱ्यांत म्हातारा झाला नाही आणि कोणाची तक्रार नव्हती. पण तुम्ही पहिला भाग २०१५ च्या सिंहस्थात ठेवलात, अठ्ठावन्नाव्या वर्षी नुकताच निवृत्त झालेला हवालदार बंदोबस्ताची गर्दी बघतोय असा. नाशिककराला बारा मिळवता येतात. पुढचा सिंहस्थ कथेत आला की तो सत्तरीचा. तेव्हा त्याचे गुडघे दुखू द्या, किंवा सिंहस्थाचं नाव काढू नका.

एक किरकोळ गोष्ट. तुमची जुन्या गावातली पात्रं 'गोदावरी नदीच्या काठी' म्हणतात. कोण म्हणतं? गंगेवर म्हणतात. दुतोंड्या मारुतीची दोन पानं माहितीही कमी करा. पूर किती चढला हे मारुतीच्या कुठवर पाणी लागलं यावरून सांगतात, एवढं एका संवादात येऊन जाईल.

गंगापूर धरणातून आवर्तन सुटलं की रामकुंडातलं साठलेलं पाणी वाहून जातं आणि त्याबरोबर पुरावाही, ही शेवटच्या ओळीतली तुमची कल्पना फार चांगली आहे. पाणी कधी सुटणार हे आधी कोणाला माहीत होतं, एवढ्यावर एक स्वतंत्र तपास उभा राहतो. म्हणूनच ती सातव्यात घुसवू नका. तिथे आधीच रांजण, रहाड आणि कावळा आहेत. आठव्यासाठी वहीत लिहून ठेवा. आणि सातव्याच्या मुखपृष्ठावर 'भाग सातवा' असं ठळक छापू नका. आत शीर्षकाच्या पानामागे सगळ्या भागांची क्रमवार यादी द्या आणि तिच्याखाली लिहा की कुठलाही भाग आधी वाचला तरी चालेल. ते खरं ठरेल असं मात्र आधी करून घ्या: मालिका न वाचलेल्या एखाद्याला सातव्याची पहिली तीन प्रकरणं द्या आणि नंतर त्याला एवढंच विचारा की हवालदाराला काय ऐकू येत नाही.